सौरवादळ आलं तर घरातल्या उपकरणांचं नेमकं काय करायचं?

निशाचर

सौरवादळांबद्दल बरंच वाचतोय, आणि जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज एक नवीन फॉरवर्ड. कुणी म्हणतं सगळी उपकरणं फॉइलमध्ये गुंडाळा, कुणी म्हणतं हार्ड डिस्क पुसल्या जातील, तर कुणी म्हणतं हे सगळं थोतांड आहे, निवांत झोपा.

घरात काय आहे ते आधी सांगतो, म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल. फ्रिज, डेस्कटॉप आणि त्याचा छोटा यूपीएस, फायबरचा राउटर, जुने फोटो साठवलेल्या दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क, गच्चीवर ग्रिडला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विजेच्या जाळ्याला, जोडलेली सोलर पॅनेल. आणि बाबांचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र. खरं सांगायचं तर धागा त्याच्यासाठीच काढलाय, बाकीचं जळालं तर नवीन आणता येईल.

स्पाइक गार्ड पुरेसा आहे का? प्लग काढून ठेवायचे तर कधी काढायचे? जाणकारांनी कृपया सांगावं.

उचापती

सोप्पं आहे. मोबाइल, हार्ड डिस्क, रेडिओ वगैरे लहान वस्तू फॉइलच्या तीन थरांत गुंडाळून मायक्रोवेव्हमध्ये ठेवा. मायक्रोवेव्ह म्हणजे घरातला आयता फॅराडे पिंजरा, बाहेरच्या विद्युत लहरी अडवणारी धातूची पेटी. फक्त सवयीने बटण दाबू नका म्हणजे झालं :)

जुनी रिले

निशाचर, फॉइल राहू द्या बाजूला.

माझी सगळी नोकरी उपकेंद्रांमधल्या संरक्षण रिले, म्हणजे बिघाड ओळखून वाहिनी तोडायला लावणारी उपकरणं, तपासण्यात गेली. त्यामुळे मी या प्रकाराकडे आकाशाच्या बाजूने नाही, तारांच्या बाजूने बघते. तसं बघितलं की विचारायचा प्रश्न एकच उरतो: तुमच्या उपकरणाला जोडलेली तार किती लांब आहे?

सूर्यावरून सुटलेला विद्युतभारित कणांचा ढग पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर येऊन आदळला की ते क्षेत्र मिनिटामिनिटाला हलायला लागतं. त्यामुळे जमिनीत व्होल्टेज तयार होतं, पण ते फार विरळ पसरलेलं असतं. मोठ्या वादळात किलोमीटरमागे काही व्होल्ट. पाच धरू. आता हिशेब करा. घरातली दहा मीटर वायर: ०.०५ व्होल्ट, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाच्या सेलचा तिसावा हिस्सा. तुमच्या टीव्हीला त्याचा पत्ताही लागणार नाही. शंभर किलोमीटरची अतिउच्चदाब वाहिनी: ५०० व्होल्ट. तिचा रोध असतो जेमतेम काही ओहम, आणि दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मरचे न्यूट्रल (तिन्ही फेजचा सामाईक बिंदू) जमिनीत अर्थ केलेले. म्हणजे जमिनीतून वर चढून वाहिनीतून जाऊन परत जमिनीत उतरायला प्रवाहाला वाट तयारच. शंभरएक अँपिअर सहज वाहू शकतात, आणि तेही जवळजवळ डीसी.

एसीच्या ट्रान्सफॉर्मरला हा डीसी अजिबात मानवत नाही. त्याचा लोखंडी गाभा एका दिशेने आधीच चुंबकीकृत होऊन बसतो, मग प्रत्येक सायकलच्या अर्ध्या भागात तो संपृक्त होतो, म्हणजे आणखी चुंबकीकृत होऊच शकत नाही. मोठा ट्रान्सफॉर्मर चार्ज करताना जवळ उभं राहिलेल्यांना हा आवाज माहीत असेल. नेहमीची सलग गुणगुण नाही, ब्रेकर लागल्या लागल्या येणारी घोगरी गुरगुर. पायाखालची खडी थरथरते. एरवी ती काही क्षणांत ओसरते, कारण गाभा ताळ्यावर येतो. सौरवादळात ती तासन्‌तास चालू राहू शकते. ट्रान्सफॉर्मर आतून तापतो, हार्मोनिक्स (विजेच्या लहरीतल्या जास्तीच्या, वेड्यावाकड्या लहरी) सोडतो, रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, नुसती ये-जा करणारी वीज) ओढत राहतो. व्होल्टेज खाली यायला लागतं आणि हार्मोनिक्समुळे रिलेंचाही घोळ होतो. काही नको तिथे ट्रिप देतात, म्हणजे जोडणी तोडतात.

कॅनडात क्यूबेकमध्ये १३ मार्च १९८९ च्या पहाटे नेमकं हेच झालं. उत्तरेकडच्या धरणांपासून शहरांपर्यंत हजारएक किलोमीटरच्या ७३५ केव्हीच्या वाहिन्या, आणि खाली विजेला वाट न देणारा कातळ. व्होल्टेज सांभाळणारी कॉम्पेन्सेटर नावाची उपकरणं एकामागून एक ट्रिप झाली आणि सुमारे ९० सेकंदांत अख्खी ग्रिड बसली. ६० लाख लोक साधारण नऊ तास अंधारात. आता यातली तुमच्या कामाची गोष्ट. ला ग्रांद-४ वीजनिर्मिती केंद्रातले दोन मोठे ट्रान्सफॉर्मर त्या दिवशी निकामी झाले, पण ते वादळाच्या डीसीने नाही. ग्रिड तुटल्यावर लोड एकदम सुटला आणि व्होल्टेज उसळलं, त्याने झाले.

घरातही धोका तिथूनच येतो: वीज जाताना आणि परत येताना. वादळ हवेतून तुमच्या फ्रिजपर्यंत येत नाही.

उचापती, तुमचा फॅराडे पिंजरा आहे वेगळ्या रोगावरचं औषध. तो सल्ला मूळचा अणुस्फोटातून निघणाऱ्या विद्युतचुंबकीय स्पंदासाठी. ९ जुलै १९६२ ला अमेरिकेने पॅसिफिकवर ४०० किलोमीटर उंचीवर अणुबॉम्ब फोडला, तेव्हा सुमारे १४५० किलोमीटर लांब हवाईत रस्त्यावरचे काही दिवे गेले. त्या स्फोटात सेकंदाच्या अब्जांश भागांत चढणारा एक झटका असतो, तो आखूड तारेतही पकडला जातो. सूर्याच्या वादळात तो झटका नसतोच. त्याचे बदल सेकंदांत नाही तर मिनिटांत होतात, आणि इतक्या संथ चुंबकीय बदलाला पातळ फॉइल अडवतही नाही. म्हणजे जिथे गरज नाही तिथे, आणि काम करत नाही अशी वस्तू. मायक्रोवेव्हची जाळी तर एका ठरावीक फ्रिक्वेन्सीसाठी बनवलेली असते. मोबाइल आत ठेवून त्यावर फोन लावून बघा, बहुतेक वेळा रिंग वाजते.

निशाचर

ताई, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. म्हणजे हार्ड डिस्कची काळजी सोडून देऊ? नावातच "चुंबकीय" वादळ आहे म्हणून धास्ती वाटते.

जुनी रिले

सोडून द्या. १८५९ चं कॅरिंग्टन वादळ हे आजवर नोंदल्या गेलेल्या सगळ्यात मोठ्या वादळांपैकी एक. त्या वेळी कुलाब्याच्या वेधशाळेत क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद आहे. ऐकायला मोठं वाटतं, पण पृथ्वीचं नेहमीचं क्षेत्रच ३० ते ६० हजार नॅनोटेस्ला असतं. आणि फ्रिजच्या दारावर चिठ्ठी अडकवायचं लोहचुंबक? त्याच्या पृष्ठभागाशी साधारण ५० लाख. हार्ड डिस्कला वादळापेक्षा त्याचीच भीती जास्त, आणि तीही नावापुरती.

डिस्कला खरा धोका आहे तो फोटो लिहिले जात असताना वीज जाण्याचा. वादळाचा इशारा असेल तेव्हा मोठं बॅकअप सुरू करून झोपायला जाऊ नका. कॉपी पूर्ण झाली की डिस्क नीट इजेक्ट करा, केबल काढा, कपाटात ठेवा. फॉइलशिवाय.

रोखठोक

मला वाटतं सगळेच जरा जास्त घाबरताय. मे २०२४ मध्ये "शतकातलं वादळ" म्हणून किती गाजावाजा झाला. काय झालं? लोकांनी लाल आकाशाचे फोटो टाकले आणि विषय संपला. दर दोन महिन्यांनी एक इशारा येतो आणि विरून जातो. हवामान खात्यापेक्षा वाईट अवस्था.

तारांगण

रोखठोक, निम्मं सहमत. इशारे का विरतात ते सांगतो, कारण प्लग कधी काढायचे हे त्यावरच ठरतं.

सूर्यावर मोठी ज्वाला भडकली की तिचा प्रकाश आणि क्ष-किरण साडेआठ मिनिटांच्या आत इथे पोचतात. त्याने दिवस असलेल्या बाजूचा शॉर्टवेव्ह रेडिओ खरखरतो किंवा बंद पडतो, घरातल्या वस्तूंना काही होत नाही. ताई म्हणतात तो ढग मागून येतो. बहुतेक वेळा एक ते तीन दिवस लागतात, कॅरिंग्टनच्या वेळी साडेसतरा तासांच्या आसपास लागले होते. ढग निघालेला दिसतो, वेगही मोजता येतो. पण त्याच्या पोटातलं चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे, हे इथून नीट कळत नाही. दक्षिणेकडे असेल तर पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि धुमाकूळ होतो. उत्तरेकडे असेल तर ढग बराचसा अंगावरून निघून जातो. हे खात्रीने कळतं ते ढग सूर्य-पृथ्वीच्या मधल्या एल-१ बिंदूवरच्या यानांवरून गेल्यावर. तो बिंदू पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, आपलं आदित्य-एल१ तिथेच आहे. म्हणजे पक्की बातमी मिळते आदळण्याच्या पंधरा मिनिटं ते तासभर आधी.

म्हणून इशाऱ्याच्या दोन पायऱ्या समजा. "ढग निघालाय, येण्याची शक्यता" ही पहिली, आणि ती पुष्कळदा फुकट जाते. "वादळ सुरू झालंय" ही दुसरी. वादळाच्या तीव्रतेची मोजपट्टी जी-१ ते जी-५ अशी असते, जी-५ सगळ्यात तीव्र. जी-१, जी-२ च्या बातम्यांकडे घरगुती माणसाने बघितलंच नाही तरी चालेल. जी-४ च्या पुढे लक्ष द्यावं.

२०२४ बद्दल: ते २००३ नंतरचं पहिलं जी-५ होतं, आणि "काहीच झालं नाही" असंही नाही. अमेरिकेत ऐन पेरणीच्या दिवसांत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले.

अवांतर: तेव्हा लडाखमधल्या हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांतही ध्रुवीय प्रकाशाची लाल झाक टिपली गेली. इतक्या दक्षिणेला!

जुनी रिले

रोखठोक, "काही झालं नाही" याच्यामागे नियंत्रण कक्षात कुणीतरी बरंच काही केलेलं असतं. इशारा आला की दुरुस्तीसाठी बंद ठेवलेल्या वाहिन्या परत सेवेत घेतात, लांबच्या वाहिन्यांवरचा भार उतरवतात, हाताशी जास्तीची निर्मिती ठेवतात. क्यूबेकनंतर हे शहाणपण आलं. तरी ३० ऑक्टोबर २००३ ला स्वीडनमध्ये माल्मोचे सुमारे ५० हजार ग्राहक तासभर अंधारात गेलेच. नेहमी ध्रुवाजवळच्याच लोकांनी भोगावं असंही नाही. त्याच वादळानंतर दक्षिण आफ्रिकेत काही मोठे ट्रान्सफॉर्मर आतून बिघडलेले सापडले.

आता निशाचर, तुमच्या यादीकडे.

स्पाइक गार्ड. त्याच्या आत एक छोटी चकती असते, व्हॅरिस्टर. व्होल्टेज एका मर्यादेपलीकडे गेलं की ती जादा झटका स्वतःत जिरवते. हे काम ती सेकंदाच्या लाखाव्या भागांत येऊन गेलेल्या झटक्यासाठी उत्तम करते, म्हणजे वीज कडाडते तेव्हा वगैरे. पण ग्रिड डळमळली की व्होल्टेज सेकंदभर, मिनिटभरही वर राहू शकतं. तेवढं जिरवायची तिची ताकद नाही. ती तापते, फुटते, क्वचित पेटतेही. शिवाय दर झटक्याने थोडी थोडी झिजते, आणि बाहेरचा दिवा मात्र हिरवाच दिसत राहतो. असू द्या, पण तिच्या भरवशावर राहू नका.

त्याहून कामाचं आहे ते मीटरनंतरच्या बोर्डावर बसणारं अंडर-ओव्हर व्होल्टेज कटऑफ. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की पूर्ण घर तोडतं, आणि नीट झाल्यावर तुम्ही ठरवलेला वेळ थांबून मगच जोडतं. वायरमनकडून बसवून घ्या. हे सौरवादळासाठी म्हणून सांगत नाहीये. न्यूट्रलची तार तुटून घरातलं व्होल्टेज चढलं तरी हेच वाचवतं, आणि न्यूट्रल तुटणं सूर्याच्या कृपेची वाट बघत नाही.

फ्रिज. वीज गेली की प्लग काढा. आली की लगेच लावू नका. फीडर, म्हणजे वस्तीला वीज पुरवणारी वाहिनी, चार्ज करताना मी अँमीटरचा काटा बघितलाय. अर्धा दिवस बंद असलेल्या वस्तीतले सगळे फ्रिज, पंप, एसी एकदम सुरू व्हायला बघतात आणि काटा नेहमीच्या लोडच्या कितीतरी पुढे जाऊन आदळतो. व्होल्टेज खाली बसतं, कधी फीडर पुन्हा ट्रिप होतो, परत घेतात, परत जातो. कॉम्प्रेसरची मोटर मरते ती या आचक्यांत. पंधरा-वीस मिनिटं वीज स्थिर राहिली की एकेक लावा. वीज आलीय हे कळायला एक दिवा तेवढा चालू ठेवायचा.

राउटर. फायबर काचेची तार, तिला या कशाशीच देणंघेणं नाही. फक्त अ‍ॅडॅप्टर काढायचा.

सोलर. जमिनीवरच्या पॅनेलला वादळाने काही होत नाही. पण ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रिड गेली की स्वतःहून बंद होतो, भर दुपारी लख्ख ऊन असलं तरी. बऱ्याच जणांना हे वीज गेल्यावरच कळतं. बॅटरीवाला हायब्रिड असेल तर गोष्ट वेगळी. तुमचा कुठला आहे ते आजच बघा, कारण पुढचा मुद्दा त्यावर अवलंबून आहे.

बाबांचं यंत्र. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३०० ते ३५० वॅट खातो, न थांबता. डेस्कटॉपचा छोटा यूपीएस त्यावर काही मिनिटांत हात टेकतो. मोठ्या बॅटरीचा प्युअर साइन वेव्ह (ग्रिडसारखीच गुळगुळीत वीज देणारा) इन्व्हर्टर असेल तर काही तास निघतात. किती, ते कागदावर काढू नका. दिवसा, घरात दोघं-तिघं असताना आणि पर्यायी ऑक्सिजन हाताशी ठेवून, मेन बंद करून बघा. बॅटरी जुनी असेल तर कागदावरचा आकडा आणि खरा आकडा यांची भेटही होत नाही. आणि विजेवर अजिबात अवलंबून नसलेला एक सिलिंडर, त्याचा रेग्युलेटर आणि नळी घरात हवीच. प्रवाह किती लावायचा, सिलिंडर किती वेळ पुरेल, हे डॉक्टरांना आणि यंत्र पुरवणाऱ्याला आधी विचारून मोठ्या अक्षरात लिहून सिलिंडरवरच चिकटवा. रेग्युलेटर लावायला घरातल्या किमान दोघांना यायला हवं.

निशाचर

सोलरचा इन्व्हर्टर साधाच आहे, ग्रिडवाला. म्हणजे वीज गेली की सोलरही गेलं. हे खरंच माहीत नव्हतं.

शेजाऱ्यांकडे पोर्टेबल जनरेटर आहे. गरज पडली तर घरातल्या एका सॉकेटमध्ये जोडून यंत्र चालवता येईल का?

जुनी रिले

नाही. नाही. आणि परत एकदा, नाही.

जनरेटर सॉकेटमध्ये जोडला की तो घरातून मीटरमार्गे बाहेर जातो. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो. तुमचे घरगुती व्होल्ट तो हजारो व्होल्ट करून वाहिनीवर टाकतो, आणि त्या वाहिनीवर कुणीतरी ती बंद आहे असं समजून चढलेलं असतं. "मेन बंद करायची आठवण ठेवीन" हे मला सांगू नका. अंधारात, घाईत, बाबांना धाप लागलेली असताना कुणाला कसली आठवण राहते? एकतर चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, ज्यात दोन्हीकडची जोडणी एकाच वेळी शक्यच नसते. नाहीतर यंत्राची वायर जनरेटरच्याच सॉकेटला, बाहेरच्या कामासाठीच्या जाड एक्स्टेन्शनने जोडा. जनरेटर घराबाहेर, खिडक्या-दारांपासून लांब. बाल्कनी म्हणजे बाहेर नाही. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तुमच्या बाबांसारख्या माणसाला सगळ्यात आधी गाठेल.

उचापती

ताईंनी माझा मायक्रोवेव्ह मोडीत काढला, तरी प्रतिसाद आवडले. फोन लावून बघितला, आत वाजला :(

एक शंका. जी-५ चा इशारा आला, "वादळ सुरू" असंही आलं, पण वीज गेलेलीच नाही. तेव्हा काय? सगळे प्लग काढून बसायचं?

जुनी रिले

ज्याची गरज नाही ते काढा: टीव्ही, डेस्कटॉप, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह. वादळ म्हणजे एक धक्का आणि खेळ खलास, असं नसतं. काही तास चढतं, उतरतं, परत चढतं, कधी दीड-दोन दिवस. तेवढा वेळ फ्रिज बंद ठेवण्यात अर्थ नाही, तो चालू द्या. दिवे मंद-प्रखर होताना दिसले, पंख्याचा आवाज बदलला, तर मात्र वाट न बघता मेन पाडा. कॉन्सन्ट्रेटर असलेल्या घरात आधी यंत्र बॅटरीवर घ्यायचं, मग मेन.

पहिल्या इशाऱ्याच्या वेळी करायची कामं वेगळी: फोन, पॉवर बँक, इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण चार्ज, टाकी भरलेली. पंप विजेवर असतो हे लोक विसरतात.

रोखठोक

ठीक आहे, कटऑफ बसवून घेतो. न्यूट्रलचा मुद्दा पटला, सूर्याचा अजून नाही. गाडीचं काय? तिच्यात आता इंजिनपेक्षा कॉम्प्युटर जास्त आहेत.

जुनी रिले

गाडीला लांब तार कुठे जोडलीय? काही होत नाही. इलेक्ट्रिक असेल आणि चार्जिंगला लावली असेल तर चार्जर काढून ठेवा, तो टीव्हीच्याच रांगेत.

तारांगण

भर घालतो: जीपीएस भरकटू शकतं. उपग्रहाचा सिग्नल ज्या वरच्या थरातून येतो तोच ढवळलेला असतो, त्यामुळे नेव्हिगेशन तुम्हाला शेजारच्या रस्त्यावर दाखवेल किंवा सिग्नलच घेणार नाही. फोन नेटवर्कचे टॉवरही बॅटरी संपेपर्यंतच चालतात. निशाचर, सिलिंडरवाल्याचा नंबर कागदावर लिहून ठेवा, आणि त्याच्याकडे जायचा रस्ता नकाशाशिवाय माहीत असू द्या.